कोणत्या छाटणीपासून?

"तुमची डेटाची जोडणी चुकलीय. सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल," प्रकल्पाचे सर पुण्याहून फोनवर म्हणाले.

माझं डोकं तापलं. इंदिरानगरात मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि तेवढं एकच मोठं काम. ते गेलं असतं तर शटर खाली.

काम द्राक्षाचं होतं. पानात त्या घडीला असलेले साखर, आम्लं असे शेकडो बारीक पदार्थ एकदम मोजायचे, याला मेटाबोलॉमिक्स म्हणतात. आकडे दोन लॅबमधून यायचे. ते एकत्र लावायला ऑन्टॉलॉजी लागते: प्रत्येक गोष्टीला एक ठरलेलं नाव, एक नंबर, आणि कोण कशाचा प्रकार, कोण कशाचा भाग हे नातं. डेटाची वंशावळच म्हणा. आमची परदेशातून घेतलेली.

दोन्ही लॅबचे नमुने "छाटणीनंतर साठ दिवस" या एकाच नंबरखाली जोडलेले. बाग एक, वेल तेच. आकडे मात्र सख्खे सोडा, चुलतसुद्धा वाटेनात.

मी स्कूटर काढली आणि दिंडोरी गाठली. ज्यांची ती बाग, ते रामदासअण्णा ट्रॅक्टर धूत होते. आकड्यांचा कागद दाखवला, तर बघून हसले.

"साठ दिवस, पण कोणत्या छाटणीपासून?"

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरवाल्या, आपल्याकडं वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी. एका लॅबवाल्यानं जूनमधी पानं नेली, दुसऱ्यानं डिसेंबरात. लय शिकलेले हायेत, पण विचारलं नाय कोणी."

परदेशी वंशावळीत छाटणी एकच होती. तिकडे वर्षातून एकदाच करतात.

तिथूनच सरांना फोन लावला. "चूक सापडलीय. माझी एकट्याची नाही. सोमवारी देतो, पण अहवालात माझं आणि अण्णांचं नाव हवं."

"कसली चूक?"

"आधी नाव."

"बरं बाबा, टाकतो."

वंशावळीत छाटणीखाली दोन फांद्या काढल्या, खरड आणि गोडी. अण्णा छाटणीच्या आणि पानं नेल्याच्या तारखा डायरीत लिहायचे; नमुने एकेक करून तिच्याशी ताडून पुन्हा जोडले. मग प्रकल्पाकडचे त्याच बागेचे मागच्या वर्षीचे आकडे शेजारी ठेवले. जून जूनशी जुळला, डिसेंबर डिसेंबरशी. काम टिकलं.

अहवाल आला. सरांचं नाव, दोन्ही लॅबची नावं. आम्ही दोघं बिननावाचे, नुसतं "स्थानिक सहकार्य".

त्या खोल्या आता नाहीत. खालून येणारा तुपाचा वास अजून आठवतो, आणि तो अहवालही. तेव्हापासून कुणी दिवस सांगितले की मी विचारतो, कशापासून? आणि कुणी शब्द दिला की कागद पुढे करतो.