हळूहळू जोडणारे भाऊजी

जगातली कुठलीही गोष्ट एकदम सुरू करता येते, यावर माझ्या ताईच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, जन्मात विश्वास बसला नाही. आंघोळीचा पहिला तांब्या ते पायाच्या अंगठ्यावर ओतत, मग गुडघ्यावर, मग खांद्यावर. पाणी डोक्यापर्यंत पोचेतो बादलीतली वाफ निघून गेलेली असे. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळी गल्ली एकाच वेळी कूलर लावून फ्यूज उडवून घेई. भाऊजी मात्र आधी नुसता पंप लावत, वाळ्याच्या ताट्या पुरत्या भिजू देत आणि मग पंखा सुरू करत, तोही कमीवर. तोवर घामाघूम झालेली ताई ओसरीत पदरानं वारा घेत बसलेली असे. माझा मॅट्रिकचा निकाल त्यांनीच आणला होता. "निकाल लागला म्हणते," एवढं सांगून ते चपला काढायला बसले. मग पाणी प्यायले, मग "नंबर दिसला तुझा" म्हणाले. मी पास झालो हे कळेपर्यंत आईनं देव पाण्यात घातले होते. असं काहून केलं म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "आनंदाचाही झटका बसते गा माणसाले."

हा स्वभाव नोकरीमुळे आला की स्वभावामुळे ती नोकरी मिळाली, देव जाणे. ते टेलिफोनच्या खात्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. तिथं यंत्र बंद ठेवायची सोय नसे. ते चालू असतानाच बिघडलेलं कार्ड, म्हणजे सर्किटची पाटी, उपसायची आणि नवी खोचायची. नव्या कार्डातले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, खोचल्याबरोबर ते भसकन एवढा करंट ओढतात की शेजारची चांगली चाललेली कार्डंही गप्प होतात. हे ते मला जेवताना समजावत. "उपाशी पाव्हणा पंगतीत बसला अन् त्यानं अख्खं पातेलंच आपल्याकडं ओढलं, तर बाकीच्यायनं काय खावं?" त्यावर त्यांनी घरच्या टेबलावर एक सर्किट जुळवलं होतं. ते करंट आधी अगदी थोडा थोडा सोडायचं आणि कार्डाचं पोट भरलं की मगच वाट पुरी मोकळी करायचं. तरीही करंट वाढलेलाच राहिला, म्हणजे आत कुठं शॉर्ट असला, तर ते तत्क्षणी वाट बंद करायचं आणि कुणी स्वतः पाहून, हातानं बटण दाबेपर्यंत बंदच ठेवायचं. या शेवटच्या करामतीचा त्यांना फार अभिमान होता. "एकट्यापायी सारं घर नाही बुडलं पाहिजे," ते म्हणत.

मग त्यांच्या मुलानं लग्न केलं. मुलगी शाळेत शिकवणारी, बौद्ध कुटुंबातली; लग्न रजिस्टर. भाऊजींना सून मनापासून आवडली होती, धास्ती होती ती त्यांच्या म्हाताऱ्या आईची. सोवळंओवळं पाळणारी माय आणि घरात स्वयंपाकघर एकच. भाऊजींनी आपल्या रीतीनं बेत आखला. जोडपं आधी भाड्याच्या खोलीत राहील, सून काही दिवस नुसती ओसरीत येऊन जाईल, मग बैठकीत बसेल. तसं झालंही. पुढं एका रविवारी तिनं स्वतः केलेला चहा मायपुढं ठेवला. मायनं कपाकडं पाहिलं, तो बाजूला सारला आणि आत निघून गेली. त्याच संध्याकाळी भाऊजींनी सुनेचं येणंजाणं थांबवलं. सुनेचा पुन्हा अपमान होऊ नये आणि मायचं डोकंही तापू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. दर आठवड्याला ते संत्र्यांची पिशवी घेऊन खोलीवर जात आणि घरी त्याविषयी चकार शब्द काढत नसत. ताईनं विषय काढला की म्हणत, "थांब वं थोडं." अशी दोन वर्षं गेली.

मुलाची भिलाईला बदली झाली तेव्हा भाऊजींसोबत मीही खोलीवर गेलो होतो. सून भांडी पोत्यात भरत होती. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"मामाजी, खरं सांगा," मान वर न करता तिनं विचारलं, "मी तुम्हालेच नको आहे काय?"

"असं काहून म्हणतं वं, पोरी?"

"आजीनं नुसता कप सारला होता. दार तर तुम्ही लावलं."

आपण जिला जपतो आहोत तिला हे असं दिसत असेल, हे भाऊजींच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही. मग ते एकदम उठले. "चाल," म्हणाले, "घरी चाल."

रिक्षातून उतरून ते सुनेला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. माय हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. तिनं दोघांकडं पाहिलं.

"इतके दिवस काहून नाही आणली हिले?"

"माय, तूच तं कप सारला होता."

"सारला होता. चुकलंच माह्यं ते. पण पुन्हा कोणी मले विचारलं काय गा?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "बस वं. हे निवडू लाग."

मुलगा एकटाच भिलाईला गेला. सून शाळेचं वर्ष संपेपर्यंत आणि पुढं उन्हाळाभर मायजवळ राहिली. दोघींनी मिळून वाळवणाच्या सांडया केल्या, लोणचं घातलं. दुपारी सून वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि माय प्रत्येक बातमीला नावं ठेवी. पावसाळा लागता लागता माय गेली. शेवटचं पाणी सुनेच्या हातून मागून प्यायली.

तेरवी उरकल्यावर भाऊजी आणि मी ओसरीत बसलो होतो. "दोन वर्षं होती गा त्या दोघीच्या जवळ," ते म्हणाले. "मीच वापरू नाही देली."

आतून सून त्यांना जेवायला हाक मारत होती.