तेरड्याची मुळे

घोडपदेवच्या आमच्या चाळीतील रमाबाई घाडीगावकर यांनी आयुष्यात कधी कुंडी विकत घेतली नाही. गुलाब आणि शेवंती यांना त्या ‘दुकानातली फुलं’ म्हणत. त्यांचा जीव होता तो कोणी न लावता उगवणाऱ्या फुलांवर.

चाळीच्या मागे बंद पडलेल्या गिरणीचे आवार होते. त्यांचे यजमान कुशाबा तेथेच साचाखात्यात, मागावर, कामाला होते. गिरणी बंद झाली, पुढे कुशाबाही गेले, आणि आवारात रान माजले. श्रावण लागला की दुपारची भांडी आवरून रमाबाई पडक्या भिंतीतून आत जात. पहारेकरी भिवा त्यांच्याच कणकवलीकडचा असल्यामुळे हटकत नसे. बॉयलरच्या मोडक्या ओट्यावर बसून त्या पाहत राहत: पिवळा टाकळा, कुर्डूचे गुलाबी तुरे, गंजक्या पत्र्यावर चढलेली गोकर्ण आणि चिमणीच्या पायथ्याशी दाट तेरडा. पुढे बोंडे पिकली की ती हलकेच दाबायची आणि बी टचकन उडाले की स्वतःशीच हसायचे, हा त्यांचा खेळ मी माझ्या खिडकीतून कित्येकदा पाहिला आहे.

त्यांच्या घरची गौरही तेरड्याचीच. मुखवटा नाही, मूर्ती नाही. रोपे मुळांसकट उपटून आणायची, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. ती पावले दरवर्षी त्याच आवारातून येत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आवार विकले गेले आणि पावसाळ्यापूर्वी सपाट झाले. आदल्या हंगामाचे बी रमाबाईंनी डब्यात जपले होते. चाळीच्या नळाशेजारच्या मातीच्या पट्ट्यात त्यांनी ते सगळे पेरले. थोडे राखून ठेवावे असे मी सुचवले. परंतु जुने बी धड उगवत नाही, असे त्यांचे मत होते. रोपे भरघोस आली, त्यांना फुलेही लागली. सकाळी नळावरच्या गर्दीत बादली बाजूला ठेवून त्या रोपांपाशी उभ्या राहत आणि मागच्या बायका कुरकुरत. गौरीपुरती मोजकीच रोपे उपटायची, उरलेली बोंडे पिकेपर्यंत राखायची, असे त्यांनी ठरवले होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुलगी दर्शना हिच्यासह त्या दादरला पूजेचे साहित्य आणण्यास गेल्या. इकडे मंडळाचा कार्यवाह विनीत, याच चाळीत जन्मलेला आणि मनाने सरळ, याने अंगण स्वच्छ करून घेतले. पट्टा खणून तेथे फरश्या बसवल्या. रमाबाई परतल्या तेव्हा तो शाबासकीच्या अपेक्षेने पुढे आला.

“काकी, बघा कसं चकाचक केलं. नुसतं गवत माजलेलं. म्हटलं, तुमची गौर येईल तेव्हा तिचे पाय चिखलात नकोत.”

रमाबाईंनी एवढेच विचारले, की उपटलेले कुठे ठेवले. पालिकेची गाडी दुपारीच कचरा घेऊन गेली होती. ते गवत काय होते, हे विनीतला दर्शनाने सांगितले. त्यानंतर तो बराच वेळ मंडपाच्या बांबूला धरून उभा होता.

गौरी यायच्या दिवशी पहाटेच तो दादरच्या फूलबाजारातून तेरड्याची मोठी जुडी घेऊन आला. मातीचा कण नव्हता. विक्रेत्याने देठ खालून एकसारखे छाटून दिले होते. रमाबाईंनी जुडी उलटी करून पाहिली.

“फुलं चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. “पण हिला पावलं नाहीत रे, विनीत. चालत कशी येणार?”

पुढच्या वर्षी गावाहून मुळांसकट मागवतो, असे तो म्हणाला. त्यांनी मान डोलावली. गिरणीतले ते शेवटचे बी होते, हे त्यांनी त्याला सांगितले नाही. त्यांचे हे बोलणे मला दर्शनाकडून कळले. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावले रमाबाई स्वतः काढत असत. त्या वर्षी ती दर्शनाने काढली.

यंदाचा श्रावण सरत आला आहे. रमाबाई नळावर येतात, बादली भरतात आणि कोणाला खोळंबवून न ठेवता परत जातात. त्या गेल्यावर मी फरश्यांच्या सांध्यांत वाकून पाहिले. काही उगवलेले नाही.