चातुर्मासात तिला बरं वाटायचं

पोटाच्या दुखण्यावर पुण्यात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. बायकोचं पोट बिघडलं तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीत जिन्यावर आणि पार्किंगमध्ये निदानं होत होती. मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो, म्हणून शेजारच्या काकांनी तोंडावर सांगितलं, "आयटीवाल्यांकडे बाहेरचं खाणं फार." आमच्याकडे बाहेरचं म्हणजे पाहुणे आले तर बाकरवडी.

तिचं पोट फुगायचं, शौचाला पातळ व्हायचं, सारखं तोंड यायचं. रक्त इतकं कमी की शाळेत शिकवताना ती खुर्ची सोडत नसे. डॉक्टर आधी आमांश म्हणाले, मग जंत, मग टेन्शन. लोहाच्या गोळ्या खाऊन रक्त वाढेना, तेव्हा दुसऱ्या रंगाच्या गोळ्या दिल्या. आई म्हणायची, "नुसत्या भातानं काय होतंय, पोळी खा, अंगी लागेल." दुधात कणीक भिजवून तिच्यासाठी वेगळी दशमी व्हायची. ती मुकाट्यानं खायची आणि आणखी वाळायची.

एका नवरात्रात तिनं नऊ दिवसांचे उपवास धरले. मला संताप आला. आधीच काडी झालेली, त्यात हे. पण पाच-सहा माळा झाल्या आणि तिचं पोट शांत झालं. वरईचा भात तिनं मागून घेतला. "अहो, देवीनं ऐकलं बघा," ती म्हणाली. दसरा झाला, पानात पोळी आली आणि आठवड्याभरात सगळं पहिल्यासारखं. तिनं त्याचा अर्थ आपल्याकडे कुणीही लावेल तोच लावला, की उपवास कमी पडले.

पुढच्या वर्षी तिनं चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने धान्य बंद; वरई, शिंगाडा, राजगिरा, साबुदाणा, दूध आणि फळं एवढंच. तिच्या गालांवर मांस आलं. मी देवाधर्मातला नाही, पण त्या दिवसांत देवघरासमोरून जाताना चप्पल काढू लागलो.

याच काळात एका मोठ्या पोटाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. ते हुशार होते, ते मी आजही नाकारत नाही. त्यांनी समजावलं, गव्हातलं एक प्रथिन काहींना सोसत नाही, त्यानं छोट्या आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्त तपासलं की कळतं. मग विचारलं, "जेवण कसं असतं?"

"साधं. घरचं," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. उपवासाला कुणी जेवण म्हणत नाही, आणि देवाचा नेम डॉक्टरला कशाला सांगायचा? रक्त गव्हाच्या दुखण्यासाठी तपासलं गेलं, आणि तीन महिने तिच्या पोटात गहू गेलेला नव्हता. रिपोर्ट नॉर्मल आला. "गव्हाचं नाही," डॉक्टर म्हणाले. दुर्बीण घालून बघायचं राहिलं. आम्ही आनंदानं घरी आलो आणि कार्तिकात उद्यापनाला पुरणपोळ्या केल्या.

नंतरची वर्षं अशीच गेली. आषाढ ते कार्तिक ती माणसांत असायची, उरलेलं वर्ष अंथरुणात. ती नेम आणखी कडक करत गेली. मग एका उन्हाळ्यात उलट्या थांबेनात, आतडं अडलं, ऑपरेशन झालं. छोट्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती.

तुकडा तपासून आल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. आतड्याला नव्या टॉवेलसारखी लव असते, म्हणाल्या, हिची पार झिजून गेली आहे. मग त्यांनी जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तुम्हाला बरं कधी वाटायचं?"

"चातुर्मासात," बायको म्हणाली, आणि काय काय खायची ते सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. सगळं त्या गव्हाचंच होतं, ही गाठसुद्धा; गहू बंद असताना रक्त तपासलं तर ते दिसत नाही. वेळीच कळतं तर गहू सोडून बहुतेक माणसं बरी राहतात, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मला आजही राग येतो, पण तो कोणावर काढावा ते ठरत नाही.

त्या गेल्यावर बायकोनं छताकडे पाहिलं. "म्हणजे देवीनं काही केलंच नव्हतं," ती म्हणाली. आजारापेक्षा हे तिला जास्त लागलं.

औषधांनी गाठ हटली नाही. घरी पाठवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता त्यांना हवं ते खाऊ द्या." मला समजलं. तिलाही समजलं.

आषाढी एकादशीला तिनं पोळी मागितली. आई तोवर राहिली नव्हती. कणीक मी भिजवली, लाटली, भाजली, वर तूप आणि गूळ घातला. तिनं एक घास बराच वेळ चघळला.

"जाड झालीय," ती म्हणाली. "पण एकादशी मोडायला चालेल."