पादऱ्याच्या आजोबांची चामडी चड्डी

आमच्या वरवट बकालच्या मळ्यात एकदा टिरोलच्या एका गृहस्थांचा कमरेखालचा भाग विहिरीतून वर आला. लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला अजून संताप येतो.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि गावाला जगाशी जोडायचं काम आपल्याकडे आहे असा माझा समज होता. बुलढाण्याला आल्प्स पर्वतातल्या टिरोलकडचा एक पादरी राहायचा. त्याच्या आजोबांची चामड्याची चड्डी मी व्याख्यानासाठी मागून आणली. विषय होता, आल्प्समधला चामडी पोशाख मूळचा कुठला.

"मास्तर, आजोबांची एवढीच वस्तू माझ्याकडे उरली आहे," पादरी म्हणाला. "रविवारी मी ऐकायला येतो आणि घेऊनच जातो."

घरी जेवताना मी विषय समजावला. हरणाचं कातडं. बव्हेरिया-टिरोलचे गुराखी, शिकारी, शेतकरी ही चड्डी घालत. खोऱ्याखोऱ्यात तऱ्हा निराळी. टिरोलच्या पट्ट्यावर तर मोरपिसाच्या काडीचं भरतकाम! "तीन पिढ्या फाटत नाही," मी वडिलांना, म्हणजे आबांना, बजावलं. "पाण्यात भिजली तरी काही होत नाही." (ही जीभ तेव्हाच झडायला हवी होती.)

माय मात्र भडकली. "घरात देव हायेत अन् तू मेल्या जनावराचं कातडं आणून राह्यला? गोठ्यात टांग ते."

गोठ्यात आमचं सगळं चामडं टांगलेलं असे. चाबूक, नाडा, विहिरीतून पाणी काढायची मोट. मी पाय आपटत चड्डी तिथेच टांगली.

रविवारी सकाळी खुंटी रिकामी! मळ्यात धावलो. आबा बैल हाकत होते. मोटेची पाणी ओतायची सोंड फाटली होती, म्हणून तिच्यावर चड्डीचा एक पाय चढवून तिच्याच पट्ट्यांनी आवळला होता. दुसरा पाय मोकळा झोके घेत होता.

"आबा, हे काय करून राह्यले तुम्ही?" (संतापलो की माझी पुस्तकी भाषा पळून जाते.)

"मिरच्या वाळून राह्यल्या ना बे. मोची गेला बाजाराले. अन् तूच तं म्हणत होता, पाण्यानं काही होत नाही."

"पादऱ्याच्या आजोबाची हाये ते!"

"आजोबा मेला ना? मंग त्याले कायले लागते आता?"

मी असा ओरडलो की बैल थबकले आणि चड्डी विहिरीत अर्ध्यावर लटकली. वळून पाहतो तर मळ्याच्या कडेला, धुऱ्यावर पादरी उभा.

आबांनी शांतपणे बैल हाकले. मोट वर आली आणि आजोबांच्या पायातून विहिरीकाठच्या थारोळ्यात बदाबदा पाणी कोसळलं. पादऱ्याचा चेहरा लालबुंद. तो पुढे झाला, चामडं चाचपलं.

"गळते का?"

"एक थेंब नाही, साहेब," आबा म्हणाले.

पादऱ्याची छाती फुगली. "मिरच्या निघेपर्यंत राहू द्या. मास्तर, व्याख्यान झालं!"

झालं? आठवडाभर घोकलेलं माझं व्याख्यान, आणि ते दोन बैलांनी दिलं? मी फणकाऱ्याने वळलो. बाभळीच्या फांदीत अडकून माझी मिलच्या कापडाची नवी पाटलोण मागून टर्रकन फाटली.

"थांब बे," आबा ओरडले, "चड्डीचा दुसरा पाय रिकामाच हाये!"

व्याख्यानाचे कागद दोन्ही हातांनी मागे धरून मी भर गावातून घरी आलो. आल्प्सच्या पोशाखावरच्या माझ्या अभ्यासाने आयुष्यात जे काही झाकलं, ते एवढंच.