कॉम्प्युटरची खंडेनवमी

मी जात्याच भित्री. पालीला भिणारी, कुत्र्याला भिणारी, वडिलांच्या खाकरण्यालासुद्धा भिणारी. पण एका लोखंडी कपाटाच्या घरघरीपायी मी दोन महिने जी भ्यायले, तशी आयुष्यात कशालाच भ्यायले नाही. घरघर ऐकू येत होती तोवर ठीक होतं. ती थांबेल, ही भीती होती.

साजगावच्या एका केमिकल कारखान्यात मी कॉम्प्युटर चालवत होते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. टेबलावर मावणारा डबा नव्हे, दोन कपाटांएवढं धूड. त्याला वेगळी खोली, आणि आख्ख्या कारखान्यात एसी फक्त साहेबांना आणि त्याला. कुठल्या मालात काय किती घालायचं, किती वेळ तापवायचं, हे सगळं त्याच्या पोटात. रोज सकाळी मी त्याचे कागद छापून प्लँटवर पाठवले की काम सुरू व्हायचं. कुंभिवलीच्या भातशेतीवाल्याची मुलगी कॉम्प्युटर चालवते म्हणून गावात मला भलताच भाव होता. घरी मात्र वडिलांनी बजावून ठेवलं होतं, नोकरी आहे तोवर थांबतो, सुटली की त्याच महिन्यात तुझं लग्न.

श्रावणात मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, अगदी गोड भाषेत. त्यांची नवी सिस्टिम, म्हणजे मशीनला चालवणारा प्रोग्रॅम, आमच्या जुन्या मॉडेलवर चालणार नव्हती, जुन्या सिस्टिमकडे ते यापुढे बघणार नव्हते आणि ती मशीनमध्ये भरायची टेपही आता मिळणार नव्हती. इंजिनियर शेवटचा एकदा येऊन जाईल, एवढी मेहेरबानी. तो आला, मुंबईचा, घाईतला. झाकण उघडून त्यानं कान लावून ऐकलं आणि उभ्या उभ्या चहा घेत मला म्हणाला, "हिला बंद करू नका. डिस्क फिरतेय तोवर फिरेल. थांबली तर परत उठेल याची खात्री नाही, आणि नाही उठली तर सिस्टिम नव्यानं घालायला आमच्याकडे काही उरलेलं नाही. साहेबांना सांगा तेवढं." आमच्याकडे एक जुनी टेप होती, पण ती आदल्या पावसाळ्यातच बुरशी धरून वाया गेली होती.

साहेबांना मी सांगितलं नाही. सांगितलं तर ते नवं मशीन घेणार, नव्या मशीनबरोबर मुंबईची शिकलेली माणसं येणार आणि मला नारळ मिळणार, असं मी मनाशी धरून बसले होते. मला येत होतं ते हे एकच मशीन. पत्र मी खणात, प्रिंटरच्या रिबनींच्या खोक्याखाली सरकवून दिलं. कॉम्प्युटरचं टपाल माझ्याशिवाय कुणी उघडतच नसे, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

मग सुखानं घास गिळला नाही. लाइट गेली की मशीन बॅटरीवर जायचं, तेवढ्या क्षणात मी खुर्चीवरून उठलेली असायची. डबा खातानाही कान खोलीकडे. झाडूवाल्या मावशी प्लगजवळ गेल्या म्हणून एकदा त्यांच्यावर अशी खेकसले की त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रविवारी घरी मन लागायचं नाही. आई विचारायची, "कसली गं चाहूल घेत असतेस?" मी म्हणायची, कसली नाही.

आणि खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याची पूजा व्हायची आणि पूजेचा मान मेंटेनन्सच्या मिस्त्रीकाकांचा. उमेदीच्या काळात दुसऱ्या एका कारखान्यात चालत्या मशीनला हार घालताना त्यांची उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली होती. तेव्हापासून त्यांचा नेम होता, पूजेच्या वेळी एकही चाक फिरायचं नाही. दरवर्षी माझं मशीनही बंद व्हायचं. पण तेव्हा ते परत सुरू होईल की नाही, असा प्रश्नच कुणाला पडत नसे.

दुपारी बाराच्या सुमाराला काका झेंडूचा हार घेऊन खोलीत आले. मागे साहेब, हातात नारळ. दारात दहा-बारा माणसं.

"कर बंद, पोरी."

"काका, यंदा हिला चालू राहू दे ना."

"का गं? हिला इसावा नको व्हय?" सगळे हसले. मग त्यांनी तो तीन बोटांचा हात पुढे केला. "चालत्या मशिनीला हार नाय घालायचा गं. आमी मोजलीय त्याची किंमत."

साहेबांनी विचारलं, "काही अडचण आहे का?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण त्याच्यामागून लगेच पत्र येणार होतं, आणि पत्रामागून दोन महिन्यांचं गप्प बसणं.

"नाही साहेब," मी म्हणाले आणि माझ्याच हातानं बटण खाली ओढलं.

घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. काकांनी कुंकू लावलं, हार घातला, माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी रुमालात गुंडाळून टाकला.

दसऱ्याला सुट्टी होती. घरी येणारा-जाणारा सोनं देत होता आणि मी हात पुढे करत होते, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी पोचले. हात जोडले आणि बटण वर केलं. आतून कर्कश चरचर आली, लाल दिवा लागला, बस्स. सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच. तोवर प्लँटची माणसं कागदासाठी दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्यामागून साहेब आले.

"ही बंद कुणी केली?"

मागून मिस्त्रीकाका म्हणाले, "मी लावली बंद कराया, साहेब. पोरगी नको म्हनत व्हती."

साहेब त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. अडाणी म्हणाले, हारफुलं देवळात घाला म्हणाले, आणि तिथल्या तिथे मेमो द्यायला सांगितला. पांढऱ्या केसांचा तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. पत्र माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होतं. मी खण उघडला नाही. खोटं कशाला सांगू, कुणी माझ्याकडे बघत नाही याचं मला बरं वाटत होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ते म्हणाले, "नवं मशीन घ्यावंच लागेल. तुम्हाला महिनाभर मुंबईला पाठवतो, शिकून या. आपल्याकडे दुसरं आहे कोण?" श्रावणात सांगितलं असतं तरी ते हेच म्हणाले असते.

सुटताना काका गेटपाशी माझी वाट बघत उभे होते. डोळे लाल झालेले. मला वाटलं, यांना कळलं.

ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्यापायी तुझी नोकरी तर जानार नाय ना गं?"

"नाही काका," मी म्हणाले.

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी टेंपो थांबवला.