टाकीच्या झाकणावरचा रंग

आमचं युनिट तेव्हा जम्मूच्या पुढे डोंगरात होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. शाळा सहावीपर्यंत, तीही धड नाही. पण इंजिनाचा आवाज ऐकून बोलायचो आणि बोललेलं मागे घ्यायचो नाही. आजही घेत नाही.

आमच्याकडे जोंगा होत्या. आज मीरा रोडला ज्या एसयूव्ही मिरवतात त्यांची फौजी थोरली बहीण समजा. पेट्रोलवर चालणारी, जड, पण ताकदीची. एका जोंगाचा ड्रायव्हर लान्स नाईक काशिनाथ भोईर. तारोडीचा, उत्तनच्या बाजूचा. मी महाडकडचा. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा आणि माझ्या वाटणीची रमही प्यायचा.

सकाळी पीटी, मग गाड्यांची मेंटेनन्स परेड, मग ड्यूटी. त्यात इन्स्पेक्शन आलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे रंग. दगडाला चुना, बादलीला लाल, गाडीला हिरवा. सुबेदार साहेबांचा हुकूम झाला, गाड्या चमकल्या पाहिजेत. रंगावर रंग चढला. जनरल साहेब आले, खूश होऊन गेले.

त्यानंतर काशिनाथ तक्रार घेऊन आला.

"उस्ताद, गाडीला पिकअप नाय. सपाटीला ठीक चालतेय. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की दम सोडते."

सुबेदार साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, "पहले देख, पेट्रोल है क्या." काशिनाथने टाकीचं झाकण उघडलं, पाहिलं, लावलं. टाकी भरलेली. साहेबांनी स्वतः गाडी फिरवून आणली. मस्त चालली.

"गाड़ी ठीक है. भोईर चढ़ाई से डर गया है."

सगळे हसले. मी म्हटलं, साहेब, एक दिवस गाडी वर्कशॉपमध्ये ठेवतो. साहेब म्हणाले, गाड्यांचा कॉन्व्हॉय उद्या निघतोय, गाडी जाईल. काशिनाथ बोलला, "जी साहब." दुसरं काय बोलणार?

कॉन्व्हॉय पहाटे निघाला. मी सगळ्यात मागे, रिपेअर गाडीत. काशिनाथ पुढे, जोंगाला भरलेला ट्रेलर, बरोबर दोन जवान. चढाच्या वळणावर रेडिओ बोलला; टायगर हे आमच्या कॉन्व्हॉयचं रेडिओवरचं नाव.

"टायगर, आगेवाली जोंगा बंद. ओव्हर."

"टायगर, रस्ता खाली करो. ओव्हर." हा सुबेदार साहेबांचा आवाज.

पुढचं मला त्या दोन जवानांनी सांगितलं. इंजिन बंद पडलं. ब्रेक लागला होता, पण ट्रेलर मागे ओढत होता आणि चाकं खडीवर घसरायला लागली. मागे जवानांनी भरलेला ट्रक. काशिनाथ ओरडला, "कूदो!" दोघांनी उड्या मारल्या. गाडी ट्रकवर जाऊ नये म्हणून त्याने स्टिअरिंग दरीकडे फिरवलं.

आम्ही दोर लावून खाली उतरलो. तो जिवंत नव्हता.

सुबेदार साहेब वरूनच म्हणाले, गिअर चुकला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, तिनेही तेच धरलं. ड्रायव्हरची चूक. मी खाली उतरलो होतो. लिव्हर पहिल्या गिअरमध्ये होता, चढाला तोच लागतो. मी सांगितलं. मला विचारलं, पडताना हलला नसेल कशावरून? टाकी चेपून गेली होती, तिच्यातून काही कळणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच चढावर दुसरी जोंगा दम सोडायला लागली. मी आत होतो. दगड लावून गाडी रोखली आणि ड्रायव्हरला म्हटलं, कशाला हात लावू नकोस. बोनेट उघडलं. प्लग ठीक, पॉइंट ठीक, ठिणगी येत होती. टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनाला देणाऱ्या पंपाची काचेची वाटी कोरडी. टाकी भरलेली आणि पंप उपाशी. मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली.

झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जसं संपतं तशी त्यातून हवा आत येते. हवा आली नाही तर टाकी आतून ओढून धरते. जोर लावला, पेट्रोल जास्त लागलं, की इंजिन उपाशी मरतं. ते भोक रंगाने बुजलं होतं. आणि ज्याला शंका येईल तो पहिलं झाकणच उघडणार, म्हणजे हवा आत जाणार, म्हणजे गाडी ठीक. काशिनाथची गाडी साहेबांनी तशीच पास केली होती.

झाकण सुबेदार साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी नखाने रंग खरवडला. मग म्हणाले, "तू मेकॅनिक है. मेकॅनिक ही रह."

दुसऱ्या दिवशी हुकूम झाला, सगळ्या झाकणांची भोकं तारेने मोकळी करा. कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. इन्क्वायरी पुन्हा उघडली नाही. मी कमांडिंग ऑफिसरपर्यंत गेलो. ते म्हणाले, गेलेला माणूस परत येणार आहे का? माझं प्रमोशन नंतर आलंच नाही. हवालदार होतो, हवालदार म्हणूनच घरी आलो.

नव्वदनंतर जेसल पार्कला खोली घेतली, मीरा रोडच्या गॅरेजात कामाला लागलो. पिकअप नसलेली गाडी आली की मी आधी मागे जातो. पोरं हसतात, "चाचा, इंजन आगे है." हसू देत.

एका रविवारी तारोडीला गेलो. काशिनाथचा बाप अंगणात बसला होता. मी सगळं सांगितलं, झाकणाचं, रंगाचं, ट्रकचं.

मग बाप म्हणाला, "इतकी वर्सं गाव बोलतंय, भोईराच्या पोराला गारी चालवता येत नव्हती. धाकट्याला मी स्टिअरिंगला हात लावू दिला न्हाय."

"खोटं आहे ते, बाबा."

"खोटं हाय तर फौज का न्हाय बोलली?"

बापाने रस्त्याकडे बोट दाखवलं.

"हवालदार, मना सांगून काय उपेग? मना ठावं होतं. जा, तिकडं सांग."

तिकडं सांगून झालं होतं. रंग लावायला लावणारे मेडल लावून रिटायर झाले. म्हणून आता इथे लिहितोय, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

लान्स नाईक काशिनाथ भोईर, ड्रायव्हर, राहणार तारोडी. त्याला गाडी चालवता येत होती.