टेलपर्यंत पाणी पोचवणारे आबा

आबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या पाठीमागे उभे होते आणि मी त्यांच्यावर भयंकर चिडलो होतो. त्या काळी मी वसमतच्या एका संघाचा गोलरक्षक होतो. कुरुंद्याच्या पूर्णामाई फुटबॉल क्लबविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर आमचा सामना होता. माझ्या जाळीमागे एक उंच, सडसडीत गृहस्थ छत्री टेकून उभे होते आणि सामना सुरू झाल्यापासून मला सल्ले देत होते. “बाळ, ते सात नंबरचं पोरगं दरवेळी तुज्या डाव्या हाताला मारतंय. तिकडं सरक.” मी म्हटले, हा मला फसवण्याचा डाव आहे. मी हट्टाने उजवीकडे सरकलो. चेंडू डावीकडून जाळीत गेला. “सांगून राहिलो व्हतो की न्हाई?” ते म्हणाले. गोल त्यांच्याच गावाने केला होता, पण त्यांचा चेहरा पडला होता माझ्यासाठी.

सामना संपल्यावर त्यांनी मला ताकाचा पेला आणून दिला. मी जरा घुश्शातच विचारले, “तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?” ते म्हणाले, “आमी कुरुंद्याचे. पण तू इकडं येकलाच उभा व्हतास. तुज्याशी बी कोणी बोलाया पाहिजे का न्हाई?” पुढे मी शिक्षक म्हणून कुरुंद्याच्या शाळेत रुजू झालो आणि क्लबचा प्रशिक्षकही झालो. या दोन्ही गोष्टींत त्या ताकाचा वाटा आहे असे माझी पत्नी म्हणते, आणि ते खोटे नाही.

ज्यांनी आबांना पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारोतराव ऊर्फ आबा हे पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर झाली. घरची हळदीची शेती आहे. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ. त्यांच्या नोकरीविषयी आणि शेतीविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. संपादकांनी माझ्याकडे फुटबॉल हा विषय सोपवला आणि थोडक्यात लिहा असे बजावले. आबा स्वतः फुटबॉलविषयी आजवर एकदाही थोडक्यात बोललेले नाहीत, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

आबा कधीही फुटबॉल खेळलेले नाहीत. क्लबच्या कार्यकारिणीतही ते नाहीत. ते क्लबचे प्रेक्षक आहेत, आणि एवढे एकच पद ते गंभीरपणे सांभाळतात. गावातला सामना असो की परगावचा, ते हजर असतात. परगावी जाताना टेम्पोत चालकाशेजारची जागा त्यांची. मांडीवर ताकाचा कॅन असतो, आणि तो गिरजाकाकूंनी पहाटे उठून भरलेला असतो. काकूंना फुटबॉलमधले काही कळत नाही, पण कॅन किती रिकामा होऊन परत आला यावरून त्या निकाल ओळखतात. जिंकलो की पोरे गावभर नाचतात आणि ताक उरते. हरलो की सगळे गप्प बसून पितात. काकूंकडे कॅन बहुतेक वेळा रिकामाच परत येई, कारण आमचा क्लब जिल्हा लीगच्या दुसऱ्या गटात कायम खालच्या अंगाला असायचा.

आबांची मते ठाम आहेत आणि ती लांबवर ऐकू येतात. त्यातले सगळ्यांत ठाम मत ऑफसाइडविषयी. समोरच्या बचावफळीच्या पलीकडे आधीच जाऊन थांबलेल्या खेळाडूला चेंडू दिला, तर पंच शिट्टी वाजवतात, हा साधा नियम. आबांनी तो आजवर मान्य केलेला नाही. “पोरगं सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलं, हा काय गुन्हा हाय?” हा प्रश्न त्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक पंचाला विचारला आहे. मी फळ्यावर आकृत्या काढून समजावले. ते शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि शेवटी म्हणत, “समजलं सर. पण बराबर न्हाई.” एका पंचांनी तर सामना सुरू होण्याआधीच त्यांच्यासमोर हात जोडले होते.

दुसरे मत मात्र साऱ्या क्लबने स्वीकारले, आणि ते त्यांच्या नोकरीतून आलेले आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. पाणी सुटले की वरच्या अंगाचे शेतकरी आधी भिजवून घेतात आणि टेलच्या वावरापर्यंत ओल पोचतच नाही. आबा आपल्या कालव्यावर उलट करत. आधी टेल, मग वरचे. वरचे लोक भांडायला येत तेव्हा ते सांगत, “तुमच्या डोळ्यांम्होरं पाणी तरी हाय. त्यो नुसती वाट बघून राहिला.” तोच न्याय त्यांनी मैदानावर आणला. दर हंगाम संपला की क्लबचे वरण-बट्टीचे जेवण मैदानावरच होते आणि जेवणाआधी आबांचे हंगामावर भाषण. किती सामने जिंकले हे ते विचारत नसत. त्यांचा सवाल एकच असे, “सगळ्यांत मागच्या पोराला खेळाया भेटलं का?” त्यातून रिवाज पडला. जो खेळाडू वर्षभर सरावाला आला पण ज्याला एकदाही संधी मिळाली नाही, त्याला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात उतरवायचेच.

माझ्यावरही त्यांचे उपकार आहेत. माझे वडील नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा मला सरावाला जाता येईना. आबा म्हणाले, “तुमी तिकडं राहा, इकडचं मी बघतो.” सरावातले त्यांना फक्त पळणे ठाऊक होते, म्हणून त्यांनी पोरांना रोज नुसते पळवले. मी परत आलो तेव्हा अर्धा संघ लंगडत होता आणि आबा समाधानाने छत्रीवर रेलून उभे होते. दवाखान्यातही ते दोनदा येऊन गेले. वडिलांपाशी बसून त्यांनी ऑफसाइडचाच विषय काढला, आणि बऱ्याच दिवसांनी मी वडिलांना हसताना पाहिले.

आता गेल्या हंगामाविषयी. तो सांगितल्याशिवाय आबा कळणार नाहीत.

आमच्या लीगचे शेवटचे सामने नेमके हळदीच्या दिवसांत येतात. गावात जागोजागी हळद शिजवण्याचे बॉयलर पेटलेले असतात आणि शिजलेली हळद वाळत घालायला सपाट जागा लागते. गावात सपाट जागा एकच, आमचे मैदान. मैदानाच्या तीन कडांना हळद पसरलेली असते. चेंडू तिच्यात जाऊन पिवळा होऊन येतो आणि पाहुणे संघ पांढरे कपडे घालून आले की बिचारे पस्तावतात. निम्मे खेळाडू कामावर असल्याने संघ जमवता जमवता माझ्या नाकी नऊ येतात.

या दिवसांतही सराव न चुकवणारा एकच, नामदेव. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, बॉयलरवर कामाला. हात कायम पिवळे. खेळात त्याची गती बेताचीच, हे त्यालाही ठाऊक होते. वर्षभरात त्याला एकदाही उतरवता आले नव्हते. आणि गेल्या वर्षीचा शेवटचा सामना असा आला की बरोबरी झाली तर आम्ही दुसऱ्या गटात राहणार, हरलो तर तिसऱ्या गटात घसरणार. क्लब स्थापन झाल्यापासून ती वेळ कधी आली नव्हती. अध्यक्ष दिगंबरराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, आवंदा तेवढा रिवाज बाजूला ठेवा. नामदेव समजून घेईल.” नामदेव खरेच समजून घेणारा होता. त्याने स्वतः येऊन मला तेच सांगितले.

मी आबांकडे पाहिले. ते म्हणाले, “सर, संघ तुमचा हाय. मी नुसता बघणारा.” एवढ्या वर्षांत त्यांचे इतके छोटे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. सामना संपायला थोडा वेळ उरला होता, एक-एक अशी बरोबरी होती, आणि मी नामदेवला बचावफळीत उतरवले. माझ्या त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आमच्या बचावफळीची एक युक्ती होती. समोरचा खेळाडू चेंडू पुढे मारणार असे दिसले की सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचे, म्हणजे त्यांचा पुढचा खेळाडू ऑफसाइडमध्ये सापडतो. अगदी शेवटी तशी वेळ आली. तिघे पुढे सरकले. नामदेव जागेवरच राहिला. त्यामुळे त्यांचा खेळाडू नियमात बसला आणि त्याने गोल केला. त्याच क्षणी माझ्या शेजारून एक प्रचंड आरोळी उठली, “ऑफसाइड! ओ पंच, ऑफसाइड!” मी वळून पाहिले. हात वर करून, छत्री टाकून देऊन, आबा ओरडत होते. आयुष्यभर जो नियम त्यांनी मानला नाही, त्याच्यासाठी ते पंचांना विनवत होते. पंचांनी गोल दिला. आम्ही तिसऱ्या गटात गेलो.

वरण-बट्टीच्या जेवणाला नामदेव आला नाही. दिगंबररावांनी जाहीर केले की पुढच्या वर्षीपासून हा रिवाज बंद. मग आबा भाषणाला उठले. मला वाटले, आज ते अध्यक्षांशी भांडतील. ते म्हणाले, “हंगाम चांगला झाला. टेलला पाणी पोचलं. पण ज्याला पोचलं त्यो जेवाया आला न्हाई, म्हणून मी बी आज जेवणार न्हाई.” आणि ते खरेच घरी गेले. मागोमाग एकेक पोरगे ताटावरून उठले. बट्ट्या तशाच राहिल्या, आणि अध्यक्षांना आपली घोषणा गिळावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला घेऊन बॉयलरवर गेले. नामदेव आमच्याकडे पाहीना. म्हणाला, “आबा, मी आता मैदानात पाय ठेवत न्हाई. मी मागं राहिलो म्हणून क्लब खाली गेला. लेकरांना शाळेत पोरं चिडवून राहिलीत.”

आबा चुलाणाशेजारच्या पोत्यावर बसले. “नामदेवा, मी ऑफसाइड मानतो का?”

“न्हाई.”

“कधी मानलं?”

“कधीच न्हाई.”

“मंग माज्या मतानं ते पोरगं कुठं बी उभं असतं तरी त्यो गोलच व्हता. तू मागं व्हतास का म्होरं, काय फरक पडतो? उगा काहून जीव जाळतोस?”

नामदेव त्यांच्याकडे बघून हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि तोंडाला सगळी हळद लागली. आबांची ती आरोळी मला आठवत होती, पण मी चूप बसलो. हा लेख लिहिण्यापूर्वी मात्र मी नामदेवला गाठून विचारले, हे लिहिले तर चालेल का? तो म्हणाला, “लिहा की सर. मला तवाच ऐकू आलं व्हतं. आबांचा आवाज पार पूर्णा नदीपल्याड जातो. पण ते माज्यासाठी खोटं बोलाया बॉयलरवर आले, तिथंच माजं मन भरलं.”

आबा, हे आता तुम्हालाही कळले. गौरवग्रंथात गुपिते फोडू नयेत, पण माझा नाइलाज आहे.

नव्या हंगामाचा सराव सुरू झाला त्या संध्याकाळी आबा नेहमीच्या जागी उभे होते आणि वाटेकडे बघत होते. नामदेव आला. त्याच्यामागे बॉयलरवरची आणखी माणसे होती. कोणी हळद वाहणारे, कोणी ती यंत्राच्या फिरत्या ढोलात घालून चकाकी आणणारे. त्यातल्या कोणी कधी चेंडूला पाय लावलेला नव्हता. नामदेव म्हणाला, “सर, यांना बी खेळायचं हाय. हितं मागच्याला बी खेळाया भेटतं, हे साऱ्यांना समजलं.” मी आबांकडे पाहिले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू आम्ही लीगच जिंकली. “घ्या की सर,” ते म्हणाले, “पाणी सुटलंय तर वावर वाढू द्या.”

आज आमचा क्लब तिसऱ्या गटात आहे, आणि त्या गटात आमच्याइतके खेळाडू दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. माझी मात्र झोप उडाली आहे. एका सामन्यात किती जणांना बदलता येते याला नियम आहे. सगळ्या नव्या माणसांची पाळी एका हंगामात यायची नाही, दोन हंगामांतही नाही. आबांना ही अडचण सांगितली. त्यांनी त्या सगळ्यांना मैदानाच्या कडेला बसवले आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला, “तुजी पाळी येणार. मी सवता उभा राहून बघीन.”

तेव्हा आबा, पंचाहत्तरीच्या या प्रसंगी मी तुमच्यासाठी देवाकडे काही मागत बसत नाही. मी फक्त तुमच्या शब्दाची आठवण देतो. रांग लांब आहे आणि रोज कोणीतरी नवा येऊन तिच्यात बसतो आहे. प्रकृती सांभाळा, गुडघ्याला तेल लावत जा, काकूंचे ऐका. सगळ्यांत मागे बसलेल्या माणसाची पाळी येईपर्यंत तुम्हाला धडधाकट उभे राहायचे आहे.